बार्शीचा ताप नवा कसा झाला?

१९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत तापाची साथ आली. ताप एकाएकी चढायचा, अंगावर पुरळ उठायचे, आणि ताप उतरला तरी धरलेले सांधे सुटायचे नाहीत. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने पाहणी करून हिशेब मांडला, तेव्हा ३७.५ टक्के लोकांना हा ताप येऊन गेल्याचे दिसले. म्हणजे पाच माणसांच्या घरात सरासरी दोघे अंथरुणाला खिळलेले. रोगाचे नाव होते चिकुनगुन्या. त्यानंतर तेहेतीस वर्षांनी, २००६च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, मालेगावात हाच ताप आला आणि वर्षभरात राज्यभर पसरला. तेव्हा चावडीपासून वर्तमानपत्रापर्यंत एकच प्रश्न होता, हा कुठला नवा आजार? चिकुनगुन्या हा शब्द उच्चारायलाही लोकांना चार दिवस लागले. ज्या राज्यातल्या एका तालुक्याच्या गावाने या रोगाचा एवढा मोठा तडाखा सोसला होता, त्याच राज्यात तो एका पिढीत परका झाला. माझ्या मते या रोगाच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हे परकेपणच आहे. चिकुनगुन्या पुन्हापुन्हा नवा म्हणून येतो, आणि त्याचे नवेपण विषाणूत फार थोडे, आपल्या नोंदींत आणि विस्मरणात फार जास्त असते. तो नाहीसा झाला म्हणून आपण निर्धास्त होतो, आणि नेमक्या त्याच निर्धास्त वर्षांत पुढच्या साथीची तयारी चाललेली असते.

शास्त्राच्या दप्तरात या रोगाचा जन्म १९५२-५३चा. टांगानिकाच्या, म्हणजे आजच्या टांझानियाच्या, दक्षिण टोकाला मोझांबिकच्या हद्दीलगत मकोंडे लोकांचे पठार आहे. तिथल्या नेवाला भागात तापाची साथ आली. मॅरियन रॉबिन्सन यांनी रुग्णांची लक्षणे टिपली, लम्सडेन यांनी साथ कशी पसरली ते अभ्यासले, आणि दोघांचे लेख १९५५ साली प्रसिद्ध झाले. रॉस यांनी रुग्णांच्या रक्तातून विषाणू वेगळा काढला. नाव मात्र रोग्यांनीच दिलेले होते. मकोंडे भाषेतल्या त्या शब्दाचा अर्थ वाकवून टाकणारा, कारण सांध्यांच्या कळांनी माणूस ताठ उभा राहू शकत नसे. पुढे हा शब्द स्वाहिली म्हणून जगभर छापला गेला आणि मकोंडेंचे श्रेय शेजाऱ्यांच्या खात्यावर गेले. या पठाराची एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकाला लगेच ओळखीची वाटेल. वर पाणी नाही. ते खालून आणायचे आणि घरात भांड्यांतून साठवायचे. त्याच साठवणीत एडीस इजिप्ती हा डास वाढत होता. हा डास गटारात रमत नाही. त्याला माणसाच्या घरातले, माणसाने स्वतःसाठी जपलेले स्वच्छ पाणी लागते, आणि तो दिवसाढवळ्या चावतो. योगायोग असा की नेवालात साथ उसळली त्याच १९५२ साली पुण्यात भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून विषाणू संशोधन केंद्र स्थापन केले. ज्या संस्थेला पुढे या विषाणूचा पन्नास वर्षे माग काढायचा होता, ती आणि तो विषाणू यांची ओळखपाळख शास्त्रात एकाच वर्षी सुरू झाली.

पण नेवालाचे लोक या रोगाने आजारी पडणारे जगातले पहिले लोक होते का? इथे इतिहासाला मागे जावे लागते, आणि मागे गेले की दुसराच एक रोग वाटेत येतो. डेंगी, आपल्याकडे जुनी माणसे ज्याला हाडमोडी ताप म्हणत. १७७९ साली बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, डेव्हिड बायलोन या वैद्याने सांध्यांच्या तापाची साथ पाहिली आणि तिचे वर्णन लिहून ठेवले. पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियात बेंजामिन रश यांनी हाडे मोडणारा ताप पाहिला. १८२३ साली झांझिबारमध्ये साथ आली, १८२४ साली रंगून आणि कलकत्त्यात. १८२७-२८ मध्ये कॅरिबियन बेटांवर अशीच साथ आली आणि डेंगी हे नाव तिथूनच रूढ झाले. १८७० साली झांझिबारमध्ये पुन्हा साथ आली, तेव्हा तिथे डॉक्टरकी करणाऱ्या जेम्स ख्रिस्टी यांना जुन्या माणसांकडून कळले की हा त्यांच्या ओळखीचाच ताप आहे, आणि त्याला ते की-डिंगा पेपो म्हणतात. भुताने एकाएकी धरून पिळून काढावे तसा. ही साथ एडनमार्गे मुंबईला पोचली आणि १८७१-७२ मध्ये कलकत्ता, मद्रास करत देशभर फिरली. या सगळ्या साथी वैद्यकाच्या इतिहासात डेंगीच्या म्हणून नोंदल्या गेल्या. १९७१ साली डोनाल्ड कॅरी या संशोधकाने विचारले, की ही ओळख चुकली तर नाही? कॅरी यांनी वेल्लोरला काम केले होते आणि १९६४च्या साथीत चिकुनगुन्या जवळून पाहिला होता. त्यांचे म्हणणे असे, की रश यांचा ताप डेंगीचा असावा, पण बटाव्हिया, झांझिबार आणि कलकत्त्याच्या वर्णनांत ताप थोडक्यात उतरतो आणि सांधे मात्र आठवडेच्या आठवडे, महिनेच्या महिने दुखत राहतात. हे चिकुनगुन्याचे लक्षण आहे. कॅरी बरोबर असतील तर डेंगी हे नावच मुळात चिकुनगुन्याचे होते. एका रोगाने दुसऱ्याचे नाव घेतले आणि मूळ मालकाला १९५२ साली नव्याने बारसे करून घ्यावे लागले.

यावर आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या वर्णनावरून रोग ओळखणे हे निसरडे काम. त्या काळी रक्ताची तपासणी नव्हती. डेंगी आणि चिकुनगुन्या दोन्ही एकाच डासातून पसरतात, दोन्हींत ताप, पुरळ आणि अंगदुखी असते, आणि एकाच गावात एकाच पावसाळ्यात दोन्ही असू शकतात. मग १८२४चा कलकत्त्याचा ताप नक्की कोणता, हे आज कोण सांगणार? एखाद्या विशिष्ट साथीबद्दल शपथेवर सांगता येणार नाही, हे मान्य. पण कॅरी यांचा युक्तिवाद एखाद्या सुट्या वर्णनावर उभा नाही. चाळीस-पन्नास वर्षांच्या अंतराने येणारी लाट, ती येताच घरटी माणसे पडणे, मृत्यू थोडे, आणि मागे रेंगाळणारी सांधेदुखी, असा सगळा साचा तिथे पुन्हापुन्हा दिसतो. डेंगीचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला तरी दुसरा होतो, म्हणून ती एखाद्या मोठ्या शहरात ठाण मांडून राहू शकते. चिकुनगुन्याचा प्रकार एकच. तो झालेल्या माणसाला सहसा पुन्हा होत नाही, म्हणून तो गाव साफ झोपवतो आणि दीर्घकाळ दिसेनासा होतो. अशा रोगाची खूण एका रुग्णाच्या लक्षणांपेक्षा दोन साथींमधल्या अंतरात अधिक स्पष्ट उमटते. आणि हे अंतर साधारण एका पिढीचे किंवा त्याहून लांब असते, म्हणजे लोक विसरायला जेवढा वेळ घेतात तेवढेच.

भारतात या विषाणूची प्रयोगशाळेत खात्री पटली ती १९६३ साली. कलकत्त्यात रक्तस्रावी तापाची साथ चालली असताना रुग्णांच्या रक्तातून चिकुनगुन्याचा विषाणू मिळाला. पुढच्या दोन वर्षांत तो मद्रास, वेल्लोर, पाँडिचेरी आणि विशाखापट्टणम अशी पूर्व किनारपट्टीची आणि तिच्या आसपासची शहरे घेत गेला. मद्रासमधल्या रुग्णांचा अंदाज लाखांच्या घरात होता. १९६५ साली तो नागपुरात होता. तिथल्या तापाच्या साथीचा अभ्यास पुण्याच्या शास्त्रज्ञांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध केला. मग १९७३ ची बार्शी. हे वर्ष महाराष्ट्रात १९७२च्या दुष्काळाला जोडून आलेले. एकातून दुसरे निघाले असे म्हणण्याची गरज नाही. पण नळ रोज येत नसलेल्या गावात लोक रांजण, हौद आणि पिंपे भरून ठेवतात, आणि नेवालाच्या पठारावर जे भांड्यांत झाले ते इथल्या हौदांत होऊ शकते, एवढे तरी ही दोन ठिकाणे शेजारी ठेवून पाहिल्यावर कळते. हा डास दारिद्र्यापेक्षा बेभरवशाच्या पाणीपुरवठ्याचा सोबती आहे. त्याची अंडी भांड्याच्या काठाला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी राहतात आणि पाणी पुन्हा चढले की उबतात. आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून घासून कोरडी ठेवा, असा कोरड्या दिवसाचा आग्रह आरोग्य कर्मचारी धरतात तो याचसाठी. पण ज्या घरात पुढचे पाणी कधी येणार हे माहीत नसते, तिथे भरलेला हौद ओतून द्या हा सल्ला जवळजवळ चेष्टेसारखा ऐकू येतो.

बार्शीनंतर शांतता पसरली. डेंगी शहरांत मूळ धरत होती, हिवताप परत येत होता, पण चिकुनगुन्या दिसेना. पुण्याचे केंद्र १९७८ साली राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाले. संस्थेच्या संचालक डॉ. खोरशेद पावरी यांनी १९८६ साली एका लेखात भारतातून आणि आग्नेय आशियातून हा विषाणू नाहीसा होण्याकडेच लक्ष वेधले. १९९५ साली कलकत्त्यातल्या लोकांच्या रक्ततपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शंभरांत जेमतेम चार-पाच जणांच्या रक्तात या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे होती, आणि त्यांतही पन्नाशी ओलांडलेल्यांचा भरणा जास्त. हे आकडे दोन तऱ्हांनी वाचता येतात. पहिली तऱ्हा अशी, की रोग संपला आणि आता तो जुन्या माणसांच्या रक्तात फक्त आठवण म्हणून उरला आहे. दुसरी तऱ्हा उलट आहे. शंभरांपैकी पंचाण्णव माणसांना या रोगापुढे काहीही संरक्षण नाही, आणि ज्यांना आहे ती माणसे वयाने मावळतीकडे आहेत. पाहणी तीच, अर्थ दोन. आपण पहिला अर्थ घेतला. सावकाराचा माणूस बरीच वर्षे दारी आला नाही म्हणून कर्ज फिटले असे समजावे, तसे हे झाले. व्याज चढतच होते. दर वर्षी जन्मणारे प्रत्येक मूल त्यात भर घालत होते.

कोणी म्हणेल, की हे मागाहून सुचलेले शहाणपण आहे. १९८६ किंवा १९९५ साली एखाद्याने चिकुनगुन्याची चिंता करायची तर कशाच्या आधारावर? विषाणू नाही, रुग्ण नाहीत, आणि आरोग्य खात्यापुढे क्षयरोग, हिवताप, बालमृत्यू असे रोजचे शत्रू उभे. हा आक्षेप वजनदार आहे, आणि शास्त्रज्ञांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. पावरी यांनी विषाणू नाहीसा होण्याची दखल घेतली, कारण त्या त्याच्यावर नजर ठेवून होत्या. विस्मरण झाले ते संस्थेबाहेर. पण आधार नव्हताच हे खरे नाही. २००० साली पुणे जिल्ह्यातल्या यवतमध्ये पकडलेल्या एडीस इजिप्ती डासांतून पुण्याच्या शास्त्रज्ञांनी चिकुनगुन्याचा विषाणू वेगळा काढला. शोधनिबंध पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाला. म्हणजे २००६च्या पाच-सहा वर्षे आधी, सोलापूर रस्त्यावरच्या एका गावातून, पुण्याच्या प्रयोगशाळेपासून दोन तासांच्या आत, हा विषाणू आपली हजेरी लावून गेला होता. एका डासातला विषाणू म्हणजे साथ नव्हे, हे खरे. पण निम्म्याहून अधिक देश संरक्षणाविना असताना तो एक डास हा नुसता शास्त्रीय कुतूहलाचा विषय राहू नये. यवतची नोंद आणि कलकत्त्याचे आकडे कोणी एका टेबलावर शेजारीशेजारी ठेवले असते, तर पुढचे चित्र दिसायला फार प्रतिभा लागली नसती.

ते चित्र २००४ साली केनियाच्या किनाऱ्यावरच्या लामू बेटावर उलगडू लागले. तिथून मोंबासा, २००५च्या सुरुवातीला कोमोरोस बेटे, आणि मग फ्रान्सच्या ताब्यातले रियुनियन. या बेटाची लोकसंख्या सुमारे ७,७०,०००. त्यातल्या सुमारे २,६६,००० जणांना, म्हणजे तिघांत एकाला, हा ताप आला. २००६च्या फेब्रुवारीत तर एकेका आठवड्यात ४०,०००हून अधिक नवे रुग्ण मिळत होते. भारतात २००५च्या अखेरीस आंध्र आणि कर्नाटकातून बातम्या येऊ लागल्या. २००६ संपेपर्यंत सरकारी नोंदींत सुमारे १३,९०,००० संशयित रुग्ण झाले, त्यांतले साडेसात लाख एकट्या कर्नाटकात आणि अडीच लाखांवर महाराष्ट्रात. ज्यांनी दवाखाना गाठला नाही, ते या आकड्यांत नाहीत. १८७१ साली जो रस्ता जहाजांनी घेतला होता, पूर्व आफ्रिकेचा किनारा आणि हिंदी महासागर ओलांडून भारत, तोच रस्ता विषाणूने सुमारे एकशे पस्तीस वर्षांनी पुन्हा धरला. वाहन तेवढे बदलले.

इथे माझ्या म्हणण्याला सर्वांत कठीण आक्षेप भेटतो, आणि तो प्रयोगशाळेतून येतो. पुण्याच्या संस्थेतल्या विद्या अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली १९६३ ते २००६ या काळातले भारतीय विषाणू जनुकीय पातळीवर ताडून पाहिले. त्यात १९६३ आणि १९७३चे विषाणू आशियाई वंशाचे निघाले, २००६चे आफ्रिकी वंशाचे. मग २००६चा आजार खरोखरच नवा नव्हता काय? शिवाय रियुनियनमध्ये विषाणूच्या बाह्य प्रथिनात एक बदल झाला होता, आणि त्यामुळे तो एडीस अल्बोपिक्टस या दुसऱ्या डासात जास्त सहज वाढू लागला. त्या नव्या हत्याराने साथ पेटवली, असे म्हणता येणार नाही काय? तीन गोष्टी याच्या आड येतात. पहिली, यवतचा २०००चा विषाणूही आफ्रिकी वंशाचाच होता. तो नवा पाहुणा इथे आधीच येऊन बसला होता. दुसरी, २००६ साली भारतात जे विषाणू मिळाले त्यांत तो प्रसिद्ध बदल नव्हताच. तो २००७ साली केरळात, रबराच्या मळ्यांत आणि नारळाच्या करवंट्यांत वाढणाऱ्या डासांच्या मुलखात दिसला. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या लाखो लोकांना आजारी पाडायला जुना डास आणि साधा विषाणू पुरेसे झाले. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वंश वेगळे असले तरी शरीराच्या लेखी हा एकच रोग आहे, एका वंशाने दिलेले संरक्षण दुसऱ्यालाही अडवते. १९७३ साली बार्शीत जे तापले होते, त्यांना २००६च्या आफ्रिकी विषाणूची भीती बाळगण्याचे कारण नव्हते. वंशावळ शास्त्रज्ञांना विषाणू कुठून आला ते सांगते. तो इतका का पसरला, ते माणसांच्या जन्मतारखा सांगतात. २००६च्या भारतात निम्म्याहून अधिक लोक बार्शीच्या साथीनंतर जन्मलेले होते.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा. या तापाने माणूस मरत नाही, मग त्याचा इतका हिशेब कशाला? २००६ साली सरकारी नोंदींत चिकुनगुन्याचे मृत्यू शून्य होते, आणि हा शून्य आश्वासनासारखा सांगितला गेला. पण रियुनियनमध्ये, जिथे मृत्यूच्या दाखल्यावर कारण काळजीने लिहिले जाते, तिथे दोनशेहून अधिक दाखल्यांवर या रोगाचे नाव आले, मुख्यतः वृद्ध आणि आधीपासून आजारी असलेल्यांच्या. बाळंतपणाच्या वेळी आजारी असलेल्या मातांकडून नवजात बालकांना लागण झाल्याचेही तिथेच दिसले. भारतात दिलीप मावळंकर आणि सहकाऱ्यांनी अहमदाबादच्या महापालिकेतल्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. २००६च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या साथीच्या महिन्यांत, आधीच्या चार वर्षांतल्या त्याच महिन्यांच्या सरासरीपेक्षा २,९४४ मृत्यू जास्त झाले होते. यांतला प्रत्येक मृत्यू चिकुनगुन्याचाच होता असे ही पद्धत सांगत नाही. पण शून्य आणि २,९४४ यांच्यातली दरी योगायोगाने भरत नाही. आणि मरण बाजूला ठेवले तरी, रोजंदारीवर जाणाऱ्या बाईची बोटे तीन महिने मुडपत नाहीत, विळा धरवत नाही, तेव्हा तिच्या घरात काय होते, ते कोणत्याच रकान्यात लिहिले जात नाही. जो रोग मारत नाही तो नोंदीतून लवकर गळतो, आणि नोंदीतून गळलेला रोग पुढच्या वेळी नवा होऊन येतो. बार्शीचा ताप नवा झाला तो असा.

अरणकल्ले यांच्या अभ्यासाला १९७३च्या महाराष्ट्रातला विषाणू उपलब्ध झाला, कारण तो पुण्यात तीन दशके गोठवून जपलेला होता. विषाणू जपण्याची शिस्त आपल्याकडे होती. ज्यांना तो झाला आणि ज्यांना होऊ शकतो, अशा माणसांची मोजदाद जपण्याची मात्र नव्हती. दर काही वर्षांनी वयोगटाप्रमाणे रक्ततपासणी करावी, किती जणांना संरक्षण उरले आहे ते पाहावे, आणि ज्या गावांत पाणी दिवसाआड किंवा आठवड्यातून एकदा येते तिथल्या पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी तो आकडा ठेवावा. हे काम गाजावाजाचे नाही, पण सावकाराचे दप्तर उघडून पाहण्याचा तोच एक मार्ग आहे. २००७ साली केरळातून गेलेल्या एका प्रवाशामुळे इटलीच्या कास्तिल्योने दी चेर्व्हिया या खेड्यात आणि आसपास सुमारे दोनशे जण आजारी पडले. तिथल्या लोकांनी या रोगाला नवा म्हटले ते योग्यच होते, कारण त्यांच्याकडे तो खरोखर पहिल्यांदा आला होता. आपल्याला तसे म्हणण्याची सोय नाही. २००६मध्ये तापलेली मुले आज तरुण आहेत आणि त्यांचे सांधे सुरक्षित आहेत. त्यांच्यानंतर जन्मलेल्यांची संख्या दर वर्षी वाढते आहे, आणि रांजण अजून भरलेलेच आहेत.